आबाच्या चार गोळ्या

"चार गोळ्या एकदम खायला मी काय बैल हाय का?" आबा वरडला. "बैलाला बी जनावराचा डॉक्टर आधी पाठीवर हात फिरवतो, मंग दवा पाजतो. मला कुणी इचारलं का?"

"त्यात इचारायचं काय?" सिंधुमामी म्हणली. तिच्या हाताला कणीक तशीच व्हती. "डॉक्टरनं तुमच्यासमोरच सांगितलं न्हवं? उद्या लातूरला छातीत जाळी बसवायची, तर आज दुपारी जेवण झालं की चारी गोळ्या एकदाच. तवा तर तुमी मान हलवलाव."

"मान हलवली म्हंजी घर लिहून दिलं का? रोज एक खातो की. चार दिवस खातो."

"जाळी उद्या हाय, चार दिवस कुठून आणू?"

"मंग जाळीच पुढं ढकल."

हे ऐकलं आन् माझं डोस्कं फिरलं. ही तारीख आधी दोनदा पुढं गेलेली. एकदा भोकरला कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं म्हून, एकदा अमावस्या हाय म्हून. आता तिसऱ्यांदा ढकलली तर ह्यो माणूस लातूरच्या दवाखान्याचं तोंड बघत न्हाई, हे मला बी ठावं, मामीला बी ठावं.

"आबा, ह्या टायमाला तारीख ढकललाव ना, तर उचलून एस्टीत टाकीन तुमाला," मी म्हणलो.

"तू? दहावीतून पळालेला तू मला दवा शिकवूलालास?"

"पळालो न्हाई. सोडली."

"तू शाळा सोडलास का शाळेनं तुला सोडलं?"

मामी मधी पडली नसती तर ताट उडालं असतं. आबाकडून न्हाई, माझ्याकडून.

मी हरिओम. घरात सगळे हऱ्याच म्हणतेत. गाव नायगाव, नांदेड जिल्हा. शाळेतल्या एका सरानं माझ्या मायीवरून बोललं म्हून मी त्यांचं डस्टर खिडकीतून भाईर फेकलो, आन् दुसऱ्या दिवशी गेलोच न्हाई. त्याच्या पुढच्या दिवशी बी न्हाई. मंग मायीनं मला उदगीरला पाठवलं, तिच्या बापाकडं. बापाला म्हणली, "पोराकडं ध्यान ठेवा." मला म्हणली, "आबाकडं ध्यान ठेव." दोघं बी एकमेकाचे राखणदार, म्हून रोज भांडण. मामा ट्रकवर असतो, आला तर आला. म्हून घरचं सगळं सिंधुमामीच बघती.

आबाचं नाव शेषेराव. मोंढ्यात, म्हंजी धान्याच्या बाजारात, मापाडी व्हता, पोत्याचं वजन करणारा. औंदा चढावर चालताना छातीत धरायला लागलं. मायीनं नांदेडला नेलं, तिथं हातातून तार घालून फोटो काढला. हृदयाची एक नळी चिमटल्यावानी झालेली. घाबरायचं काम न्हाई, पण लई दिवस ठेवू बी नका, असं सांगितलं. लातूर जवळ पडतं म्हून जाळी लातूरला बसवायची ठरली.

जाळी म्हंजी स्प्रिंगावानी असती. चिमटलेली नळी उघडी ठेवती. पण तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की रक्ताला ती जाळी परकी वाटती, ते तिच्याभवती गोळा व्हायला बघतं. मला लगीच कळलं. रस्त्यात मोटारसायकल पडली की लोकं कसे खामखा गोळा व्हतेत, तसं. गोळ्या म्हंजी पोलीस. चला चला, पुढं सरका, बघायचं काय त्यात. आन् पोलीस आधी येऊन उभे पायजेत, गर्दी जमल्यावर येऊन उपेग न्हाई. म्हून चार गोळ्या एकदम, आन् आदल्या दिवशीच.

हे मी आबाला समजून सांगितलो. आबा म्हणला, "आपल्या गावचा पोलीस कधी टायमावर आला का?"



तरी जेवण झालं आन् आबा एकदम गरीब झाला. पान लावलं, गोळ्यांची पट्टी बंडीच्या खिशात टाकली आन् म्हणला, "कट्ट्यावर बसून खातो. तिथं वारं लागतं."

"हितंच खा. मी बघतो," मी म्हणलो.

"मी काय लेकरू हाय का? गिळताना बी तुला दाखवू?"

मी त्याच्या मागं मागं कट्ट्यापातूर गेलो. कट्टा म्हंजी मोंढ्याच्या गेटासमोर एका बंद दुकानाची पायरी. तिथं आबाचे तिघं दोस्त आधीच बसलेले. संगप्पा तात्या, मन्मथ अप्पा आन् रामकिशन बाबा. आबानं मला बघून जोरात म्हणलं, "हे आमचं मास्तर आलं बघा, बिगर शाळेचं." तिघं बी हसले. मला राग आला की मला काय दिसत न्हाई. मी पाय आपटत घरी आलो आन् मामाची मोटारसायकल धूत बसलो.

तासाभरानं आबा आला. रिकामी पट्टी मामीच्या हातात दिली. चारी खड्डे फुटलेले.

"घे. झालं समाधान?"

मामीनं देवाला हात जोडले. मी पट्टीकडं न्हाई, आबाकडं बघत व्हतो. औषध घेतलं की आबा दिवसभर बोंबलत असतो. कडू लागली, नरड्यात अडकली, पोटात जाळ पडला. आज गपगुमान. वरून मला म्हणला, "गाडी चांगली धुतलास रे." आबानं मला चांगलं म्हणलं तवाच मला डाऊट आला.

चारच्या पुढं गल्लीत आरडाओरडा ऐकू आला. संगप्पा तात्याची सून पुनम फोनवर कुणाला तरी झाडत व्हती. मी धावलो. भांडण मला जेवणापरीस आवडतं.

तात्या ओसरीवर गाल धरून बसलेला. तोंडात कापूस, कापूस लाल. दुपारी त्यानं दाढ काढली व्हती. दाढेची तारीख आजचीच, हे सगळ्या गल्लीला ठावं व्हतं, कारण तात्या आठ दिवस तेच सांगत व्हता.

"दोन तास झाले, रक्त थांबंना!" पुनम फोनात वरडत व्हती. "काय उपटलाव तुमी, दाढ का झाड?"

पलीकडून दाताचा डॉक्टर बोलला. तिनं फोन स्पीकरला टाकला व्हता, गल्लीनं ऐकावं म्हून.

"ताई, कापूस दाबून धरायला सांगा, सारखा काढून बघू नका. आन् ते रक्त पातळ करायची कसली गोळी घेतात का? मी आधी बी इचारलं व्हतं, तवा न्हाई म्हणले."

पुनम तात्याकडं बघून म्हणली, "घेतलाव का हो कसली गोळी?"

तात्यानं मान हलवली. पण किती हलवली! तोंडात कापूस असलेल्या माणसानं येवढी मान हलवायची गरज न्हाई. त्याचा बाप कानडी मुलखातला, म्हून घाबरला की तात्याच्या तोंडातून कानडी निघतं. कापसातूनच म्हणला, "इल्ला, इल्ला!" म्हंजी न्हाई, न्हाई. आन् म्हणता म्हणता त्यानं गर्दीत उभ्या असलेल्या आबाकडं बघितलं. आबानं लगीच वर बघितलं. वर काय न्हवतं. विजेची तार बी न्हवती.

मी मन्मथ अप्पाकडं बघितलो. अप्पा चपलीचा अंगठा बघत व्हता. रामकिशन बाबा गर्दीतून हळूच घराकडं वळला.

आता तुमाला ह्या चौघांचं सांगायला पायजे, न्हाई तर तुमाला वाटंल मी लई हुशार. हे चौघं मोंढ्यात एका काट्यावर व्हते. आबा वजन करायचा, तात्या पोत्याचं तोंड शिवायचा, अप्पा आन् बाबा पोती उचलायचे. काट्यावर जे येईल त्याचे चार वाटे, असा त्यांचा कायदा. कुण्या शेतकऱ्यानं खुशीनं गुळाचा खडा दिला, चार तुकडे. टरबूज, चार फाका. दोन चहा, चार कप. अडत्यानं एकाला शिवी दिली की चौघं काम बंद करायचे, म्हंजी शिवीचे बी चार वाटे. काटा सुटला तरी कायदा सुटला न्हाई. परवाच मी ह्या डोळ्यांनी बघितलो, एक चिक्कू आणला व्हता आन् आबा चाकू शोधत व्हता.

चौघं. चार गोळ्या.

घरी आलो आन् आबाला धरलो. "गोळ्या कुणी खाल्ल्या?"

"पट्टी बघितलास न्हवं?"

"तुमी खाल्लाव का?"

"चारी गोळ्या पोटात गेल्या. आणखी काय पायजे?"

"कुणाच्या पोटात?"

"हऱ्या, तोंड सांभाळ. मापाड्यावर खोटं वजन सांगितल्याचा आळ घेऊलालास!"

घ्या. खोटं बोलत न्हाई आन् खरं बी सांगत न्हाई. मी फाईलवरचा नंबर बघून लातूरला फोन लावलो. एक सिस्टर बोलली, बुद्धप्रिया नाव सांगितलं. आवाज असा की उगं बोलायची सोय न्हाई.

"आबा म्हणतेत खाल्ल्या, पण मला वाटतं न्हाई खाल्ल्या," मी म्हणलो.

"वाटण्यावर मी काय लिहू बाळा? हे बघ. न खाता खाल्ल्या म्हणून सांगितलं आन् सरांनी जाळी टाकली, तर जाळीतच गुठळी धरंल. तिथंच अॅटॅक. आन् खाल्ल्या असतील आन् तू वरून आणखी चार घातल्यास, तर कुठून बी रक्त जाईल. तुझ्या मनानं काय बी देऊ नको. किती खाल्ल्या, ते पक्कं इचार आन् मला सांग."

"ते सांगंनात."

"मंग कुणीतरी सांगंल असं बघ की. घरात तू एकटाच मोठा हायस का?"

घरातला मोठा! मला आजपातूर कुणी असं म्हणलं न्हवतं. फोन ठेवला आन् माझा दिमाग पळायला लागला.

भांडून उपेग न्हवता. चौघं एकमेकाची फितुरी करत नसतेत. मोंढ्यात एकदा पोलीस येऊन गेले, तवा बी चौघांनी चार वेगवेगळ्या दिशा दाखवल्या व्हत्या म्हणे. ह्यांच्याकडून खरं काढायचं तर दोन रस्ते, एक भ्या, दुसरं लालूच. लालूच द्यायला माझ्याकडं काय न्हवतं. म्हून मी बाजारातून कारली आणली.

मामी म्हणली, "आता कारल्याची भाजी? उद्या पहाटं निघायचंय."

"भाजी न्हाई, रस. मिक्सर दे. आन् आबाला दाढी करायला पुढच्या ओसरीत बसव. उद्या दवाखान्यात मोठे डॉक्टर येणार म्हणून सांग."

"काय करूलालास तू?"

"भलं करून राहिलो."

मामीनं माझ्याकडं बघितलं आन् काय इचारलं न्हाई. मामीचं हे एक लई चांगलं हाय.

मी कट्ट्यावर गेलो. तिघं बसलेले, तात्या कापसासकट. मी त्यांच्याकडं पाठ केलो आन् बंद फोन कानाला लावलो.

"हॅलो डॉक्टरसाब! हाव, शेषेरावचा नातू. काय म्हणलाव? ज्याला छातीचं दुखणं हाय त्यानं खाल्ली तर काय न्हाई? आन् दुखणं नसलेल्यानं खाल्ली तर? ... मिशा? ... सगळ्या? मुळापासून गळतेत?"

मागं कुणाची तरी कपबशी खडकन वाजली.

"मंग त्याला इलाज? कारल्याचा रस? झोपायच्या आत? बरं बरं. न्हाई, आमच्यात कुणी खाल्ली न्हाई. तरी मी आपला करून ठिवतो तांब्याभर. मागच्या दाराला, हाव."

मी फोन खिशात टाकलो आन् त्यांच्याकडं न बघता घरी आलो. मागच्या दाराची पायरी, तांब्या, पेला. बसलो.

पहिला तात्या. तो बोलू शकत न्हवता. तांब्याकडं बोट केलं, मंग मिशीकडं. मिशी पांढरी, टोकाला पीळ, सकाळी एरंडीचं तेल लावतो.

"काय पायजे तात्या? मिशीला रस लावायचा का?"

तात्यानं तोंड वासून पेला पुढं केला. मी कापूस एका कडंला सरकवायला लावलो. दुसऱ्या बाजूनं त्यानं गटकन घोट घेतला आन् तोंड असं केलं की मला वाटलं दुसरी दाढ बी आपोआप पडती. "अय्योऽऽ!"

"हळू! आबा ऐकतील. आता खरं सांगा, एकच खाल्लाव न्हवं?"

तात्यानं एक बोट वर केलं. मंग आपण काय केलं हे कळलं आन् बोट धोतरात लपवलं.

तात्या कोपऱ्यात बसला तवर मन्मथ अप्पा आला. अप्पा सरळ कधीच बोलत न्हाई.

"रस हाय म्हणं. आमच्या म्हशीला पाजायचा व्हता."

"म्हशीला कामून?"

"पोट फुगलंय तिचं."

"रस पोटाचा न्हाई अप्पा, मिशाचा हाय. म्हशीला मिशा हायत का?"

अप्पानं इकडं तिकडं बघितलं. कोपऱ्यात तात्या दिसला. दोघांनी एकमेकाला बघितलं आन् दोघं बी काय न झाल्यावानी छपराकडं बघायला लागले.

"म्हस लई खोडील हाय," अप्पा म्हणला. "मी पिलो की पिती."

"मंग प्या आधी."

अप्पानं पिला. डोळ्यातून पाणी आलं. पण मर्दानं वाटी चाटल्यावानी पेला साफ केला आन् आणखी इचारलं, "येवढ्यानं भागंल न्हवं? माझ्या मिशा जरा दाट हायत."

मला हसू दाबायला दातात जीभ धरायला लागली.

शेवटी रामकिशन बाबा. ह्याला मिशीच न्हाई, रोज गुळगुळीत दाढी करतो. मला वाटलं ह्यो काय येत न्हाई. पण आला आन् सरळ म्हणला, "दे इकडं."

"बाबा, तुमाला मिशी कुठंय?"

"भुवया हायत की! त्याबी गेल्या तर लोकं मला उकडलेलं अंडं म्हणतेल."

त्यानं एका दमात पिला, धोतरानं तोंड पुसलं आन् माझ्याजवळ पायरीवर बसला. म्हणला, "हे मिशाचं तू बनवलास न्हवं?"

मी पेला विसळायला लागलो.

"कळलं मला. डॉक्टर लोकं फोनवर येवढा येळ बोलत नसतेत. तरी पिलो. उगं रिस्क कशाला?"

"बाबा, गोळ्या कशा काय वाटलाव? तुमाला कळत न्हाई का, दवा हाय ती."

"कळतं रे. पण तू त्याला बघितलास न्हाई. पट्टी हातात घिऊन बसला व्हता. तोंड वाळलेलं. म्हणला, चार एकदम म्हंजी जहराचाच डोस दिसूलालाय, काय झालं तर पोरीला सांभाळा. शेष्या असा कधी बोलत न्हाई. मंग मन्मथ म्हणला, आण इकडं, काय व्हायचं ते चौघाला व्हईल, थोडं थोडं व्हईल. जहराचे चार वाटे केले की मरत नसतं कुणी. म्हून खाल्लाव."

अप्पानं मान खाली घातली. तात्यानं कापूस जागेवर सरकवला.

मला वाटत व्हतं, ह्यांना धरलो की लई हसायचं, गल्लीभर सांगायचं. पण ते तसं बसलेले बघितलो आन् माझं हसूच कुठं गेलं. राग बी आला. राग कुणाचा ते कळंना, म्हून मी तांब्यालाच लाथ मारलो. तांब्या गडगडत अंगणात गेला.

बोलणं ऐकून पुढून आलेला आबा तिथं उभा. अर्ध्या तोंडाला साबण, अर्धी दाढी झालेली, हातात आरसा. पाय तांब्याच्या रसात भिजलेला.

"हे काय चाललंय?" आबा म्हणला. मंग त्यानं एकेकाचं हिरवं तोंड बघितलं. "सांगितलाव? सगळे सांगितलाव?"

"मी न्हाई सांगितलो," अप्पा म्हणला. "म्हशीसाठी आलो व्हतो."

"फितूर! ह्या बारक्या पोट्ट्यानं तुमाला कारलं पाजून तोंड उघडवलं! मोंढ्यात नाक कापलाव माझं!"

"नाकाचं जाऊ दे, शेष्या," रामकिशन बाबा म्हणला. "छातीचं बघ. भ्यालो म्हणायला काय जातं तुझं?"

"कोण भ्यालं? मी?"

आबाच्या हातातला आरसा हालत व्हता, भिंतीवर उजेड नाचत व्हता. आबानं तो बघितला आन् आरसा पालथा करून धरला.

मी त्याच्यासमोरच लातूरला फोन लावलो. "सिस्टर, पक्कं इचारलं. आबानं एकच खाल्ली. बाकीच्या तीन वाटल्या, एक तर आज दाढ काढलेल्या तात्याला."

"वाटल्या म्हंजी?"

"प्रसादावानी."

सिस्टर आधी "अरे बापरे" म्हणली. मंग म्हणली, "त्या तिघांना बाकी कसल्या गोळ्या चालू हायत का इचार. आन् दाढवाल्यांना म्हणावं, आत्ताच्या आत्ता दाताच्या डॉक्टरला खरं सांगा. आबांना दुसरं काय बी देऊ नका, सकाळी लवकर आणा. मी सरांना सांगते, काय ते आम्ही हितं देतो."

तात्यानं पुनमला खरं सांगितलं. पुनमनं दाताच्या डॉक्टरला फोन लावला, ह्या टायमाला स्पीकर बंद ठेवून. तात्याला तिकडं नेलं, डॉक्टरनं काय तरी लावून टाका मारला, तवा रक्त थांबलं. तात्याला जाता येता पुनमनं काय काय ऐकवलं ते मी लिहीत न्हाई.

सकाळच्या एस्टीनं आमी लातूरला निघालो. आबा माझ्याशी बोलंना. मी मागच्या सीटवर, तो मामीजवळ.

"त्याला सांग, खिडकी लाव. वारं लागूलालंय."

मामी मागं वळून म्हणली, "हऱ्या, खिडकी लाव."

"त्यांना सांग, खिडकी अडकलीय."

"मामंजी, खिडकी अडकलीय."

"त्याला सांग, अक्कल अडकलीय."

लातूर येईपातूर मामी अशीच तिकडून इकडं, इकडून तिकडं. शेवटी तिनं पदर डोक्यावर घेऊन झोपल्याचं सोंग केलं.

दवाखान्यात डॉक्टरनं फाईल बघितली, सिस्टरनं काय तरी कानात सांगितलं, डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"शेषेराव, वाटून खाल्लाव?"

आबा म्हणला, "सवय हाय साहेब."

डॉक्टरनं फाईल तोंडासमोर धरली. खांदे हालत व्हते. मंग फाईल खाली केली तवा तोंड एकदम कडक. "हे बघा, जाळी तुमच्या एकट्याला बसणार हाय. तिचे चार वाटे मी करू शकत न्हाई. म्हून गोळ्या बी एकट्यानंच खायच्या. आज चार, आन् पुढं रोज, मी थांबवा म्हणेपातूर. कुणी दात काढा म्हणलं, कुणी बंद करा म्हणलं, तरी मला इचारल्याबिगर एक बी दिवस सोडायची न्हाई. आज सकाळचं तुमचं काम मी दुपारनंतर घेतो, तवर गोळ्या भिनतील. समजलं?"

"समजलं," आबा म्हणला. त्याच आवाजात, ज्या आवाजात काल पट्टी दिली व्हती. म्हून मी लगीच म्हणलो, "डॉक्टरसाब, गिळल्यावर जीभ वर करून बघा. गालात बी बघा. ह्यो माणूस लई पोचलेला हाय."

आबानं माझ्याकडं असं बघितलं की काट्यावरचं वजन फेकून मारंल.

वर वार्डात नेलं. एका पेशंटजवळ एकच माणूस, असं गेटवरचा वॉचमन म्हणला. मी म्हणलो, मी घरातला मोठा हाव. तो हसला आन् माझी कॉलर धरली. कॉलर धरलेली मला चालत न्हाई. मी त्याचा हात झटकलो, त्याची टोपी पडली, मंग दोघं बी जोरात बोललाव, आन् मी भाईर. आता खाली गाड्या लावायच्या जागेत एका दगडावर बसून हे फोनात लिहून राहिलो, न्हाई तर डोस्कं फुटंल.

मामी वरून खबर देऊन राहिली. आधी म्हणली, सिस्टर वाटीत चार गोळ्या घेऊन आली. मंग म्हणली, आबानं वाटी हातात घेतली. मंग लई येळ काय न्हाई. मी फोन लावलो तर कट केला. मी दगडावरून उठलो, परत बसलो. वॉचमन माझ्याकडं बघत व्हता, मी बी त्याच्याकडं बघत व्हतो.

आत्ता मामीचा फोन आला. मागून सिस्टरचा आवाज येत व्हता, "आबा, किती येळ धरून बसणार? सरांचा टाईम चुकंल."

"काय झालं मामी? खाईनात का?"

"खातो म्हणतेत," मामी म्हणली. ती हसत व्हती का रडत व्हती, कळंना. "पण हऱ्याला वर आणा म्हणतेत. त्यानं गावभर बोंब मारली, आता त्यानंच समोर उभं राहून बघावं. एक एक करून गिळतो, जीभ बी वर करून दाखवतो. दुसऱ्या कुणासमोर तोंड उघडत न्हाई म्हणतेत. सिस्टरनं गेटवर फोन केलाय, ये लवकर."

तिकडं वॉचमनच्या टेबलावरचा फोन वाजून राहिलाय. त्यानं उचलला. हाव मॅडम, हाव मॅडम करून राहिलाय, आन् तोंड वाकडं करून मला हातानं बोलवून राहिलाय. बस, आता मला निघायला पायजे.